शनिवारचा हात

अहो, त्या हाताने नाही पिशवी उचलायची! टाके अजून ओले आहेत तुमचे. ठेवा, ठेवा खाली. डॉक्टरांनी सांगितलं नाही? सांगितलं असेल, पण दोन शिरा जोडल्या, फिस्टुला झाला, डायलिसिसची सोय झाली — एवढंच आपल्या लक्षात राहतं. बाकीचं घरच्यांनी लक्षात ठेवायचं. त्या कुशीवर झोपायचं नाही, त्या हाताला घड्याळ नाही, आणि रोज सकाळी उठल्याबरोबर तिथे हात ठेवून बघायचं. थरथर लागते — भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा मिक्सर चालू असला की आपल्या भिंतीला कळतं ना, अगदी तशी. लागली, की चहा टाकायचा. सहा वर्षं मी हेच केलंय. आमचे हे स्वतः बघतील? छे! कुठलं काय.

आत ह्यांच्या हाताचंच चाललंय. फिस्टुला बंद पडलाय. कापाकापी नाही हो, सुईच्या भोकातून बारीक तार घालतात, गुठळीतून पलीकडे नेतात, मग तिच्यावरून फुगा सरकवून फुगवतात — शीर मोकळी होते. भूल हातापुरतीच, माणूस जागा असतो, गप्पा मारतो. गुठळी ताजी असली की सोपं जातं म्हणे. जुनी झाली की घट्ट चिकटून बसते, मग तार जाता जात नाही. आणि ह्यांचा हा दुसरा हात — पहिला तीन वर्षांपूर्वीच गेला. हाही गेला तर मानेत नळी. ती नळी घेऊन वर्ष काढलंय आम्ही, ताप आला की जीव नुसता टांगणीला. त्या दिवसांचं नावसुद्धा नको.

कधी बंद पडला म्हणता? आज. म्हणजे — डॉक्टरांना मी आज सकाळी म्हणूनच सांगितलंय.

तुम्ही परक्या आहात म्हणून बोलते. शुक्रवारी हे बहिणीशी फोनवर बोलत होते. म्हणे, घरात बायको नाही, पहारेकरी ठेवलाय, पाण्याचा घोटसुद्धा मोजते! आणि हसले. दोघंही हसली. मी स्वयंपाकघरात ह्यांच्यासाठी बटाटे दोनदा उकळून पाणी फेकत होते — का, तर क्षार कमी व्हावेत! म्हटलं ठीक आहे, पहारेकरी आजपासून सुट्टीवर. बघा तुमचं तुम्ही. पण हाताची सवय मेली जात नाही हो. शनिवारी सकाळी हे झोपलेले, आणि माझा हात गेलाच तिथे.

काही नाही. भिंत गप्प.

तेव्हाच उठवायला हवं होतं, कळतं मला! पण म्हटलं, विचारू दे. एकदा तरी स्वतःहून म्हणू दे — जरा बघतेस का गं? शनिवार गेला. रविवारी जेवण वाढलं, ह्यांनी पेपर वाचला, मी कपडे वाळत घातले. एक शब्द नाही. आज डायलिसिसला सुई टोचली, तर गुठळ्या. मग धावपळ, ही खोली, डॉक्टरांचा प्रश्न — कधीपासून? माझ्या तोंडून निघून गेलं, आज सकाळपासून. हे स्ट्रेचरवर. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, हो डॉक्टर, काल चांगला चालू होता. सहा वर्षांत पहिल्यांदा माझी बाजू घेतली माणसाने, तीही खोटं बोलून! आणि आत नेताना हळूच म्हणतात — शनिवारी तू हात ठेवलास ना, मी जागाच होतो.

जागाच होते! म्हणजे हेही वाट बघत पडले होते, मी कधी बोलते त्याची. काय म्हणावं अशा माणसाला? आणि मला?

अशा बघू नका माझ्याकडे. तुमच्या घरी कोण बघणार आहे हात? मिस्टर? मग भांडण दुपारी करा. सकाळी नको.

थांबा, दार उघडलं. सिस्टर विचारतायत... तार पुढे जात नाहीये? गुठळी आजची वाटत नाही?

जरा धरा हो माझी पर्स — नको, तुमचा तो हात. खालीच ठेवते. तुम्ही बसा, आता काही विचारू नका.

सिस्टर, शनिवारी. शनिवारी सकाळीच बंद होता. मी बघितला होता.