आगीपुढे न गेलेला इतिहास

मंडळी, आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणूस फसतो कुठे — निवडताना, की निवडून झाल्यावर? लगेच माना डोलावू नका. तुम्ही प्रश्न संपायच्या आत डोलावता, मग मला कळत नाही, पटलं की डुलकी लागली.

तर ऐका. साताऱ्यात श्रीरंग सोवनी म्हणून एक गृहस्थ. बायको मृण्मयी, लेक जुई, अकरा वर्षांची. पोरीला शाळा सोसेना. रोज सकाळी पोटात दुखायचं, रविवारी मात्र ठणठणीत. श्रीरंगरावांनी शाळेतून नाव काढलं. म्हणाले, घरीच शिकवू. चांगलं केलं, यात हसण्यासारखं काही नाही. कित्येक बापांना गुणपत्रिकेपलीकडे लेकरू दिसत नाही, याला निदान लेकीचं पोट दिसलं!

पण घोटाळा पुढे आहे. शाळेत पुस्तकं आयती ठरलेली, आपण फक्त कव्हरं घालायची. घरी शिकवायचं तर निवडायचं आपण. आणि श्रीरंगरावांचा स्वभाव कसा? भेंडी घ्यायला गेले तर एकेका भेंडीचं टोक मोडून बघणार, आणि शेवटी म्हणणार, पुढच्या बाजारात बघू.

त्यात घरी शिकवणाऱ्या आईबापांचा मोबाईलवर ग्रुप. तिथे रोज कुणीतरी लिहिणार, आम्ही अमुक अभ्यासक्रम घेतला आणि आमचा मुलगा बदलून गेला. झालं! दिवाळीत आणलेला अभ्यासक्रम संक्रांतीला जुना. नवं खोकं दारात. पुस्तकं इतकी झाली, की फ्रीज गॅलरीत गेला, दूधवाला आडवा होऊन आत यायचा, आणि मृण्मयीबाईंच्या सासूबाई दोन दिवस खोक्यांमागे राहिल्या तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. खोटं वाटतंय? आमचे पेटीवाले साक्षीला आहेत. ते बोलत नाहीत, पण आहेत.

आता डोक्याला हात लावायची गोष्ट. या सगळ्या खोक्यांत इतिहासाचा पहिला धडा कोणता? आदिमानव. गुहा, दगडाची हत्यारं, मग आग. जुई आगीपर्यंत पोचली, की आलं नवं खोकं. पुन्हा गुहा! बरोबरीची मुलं पेशवाई बुडवून मोकळी झाली, हिला अजून चाक सापडेना. गारगोट्या घासण्यात पोरगी इतकी तरबेज झाली, की सोवन्यांच्या घरी काडेपेटी यायची बंद झाली.

शेवटी मृण्मयीबाई वैतागल्या आणि लेकीला घेऊन कुमुदिनी बोडस यांच्याकडे गेल्या. या बाई घरी शिकणाऱ्या मुलांसाठी वर्ग चालवतात. जो विषय घरी जमत नाही, तो त्यांच्याकडे. त्यांची रीत अशी, की मुलानं आठवडाभर हव्या त्या वर्गात बसून बघायचं. मुलानं, बरं का. आईबाप बाहेर. श्रीरंगराव खिडकीच्या गजांना नाक लावून उभे राहायचे, तो भाग वेगळा.

जुई इतिहासाच्या वर्गात बसली. तिथे देवगिरीचे यादव चालले होते. पोरगी घरी आली ती बोलतच आली, जेवताना घास हातात तसाच. मला हाच वर्ग पाहिजे, म्हणाली. आणि वर्गाला जायचं म्हटलं, तरी सकाळी पोटदुखीचं नाव नाही.

शनिवारी नावं पक्की करायची होती. वर्गात जागा उरली होती एक. ती गेली, तर वर्षभर थांबा. सोवनी कुटुंब बाईंपुढे बसलं. श्रीरंगराव म्हणाले, "बाई, वर्ग उत्तमच आहे. पण काल ग्रुपवर एक नवा अभ्यासक्रम आलाय. तेवढा बघतो आणि कळवतो."

मंडळी, मी तिथे असतो तर या चिपळ्या फेकून मारल्या असत्या. बाई शांत. म्हणाल्या, "जरूर बघा. जागा मात्र आजच जाईल. बाहेर दुसरे पालक बसलेत."

"अहो, घेऊन टाका ना," मृण्मयीबाई म्हणाल्या.

"अगं, मधूनच बसली तर पाया कच्चा राहील तिचा. नव्यात सगळं पहिल्यापासून आहे."

पहिल्यापासून! ऐकलंत?

तेव्हा जुई बोलली. रडली नाही, रुसली नाही. तिनं नुसतं विचारलं, "बाबा, त्यांना आग सापडली. मग पुढे काय झालं?"

श्रीरंगराव सांगायला म्हणून पुढे सरसावले. आणि त्यांना आठवलं, की हे पोरगी आज पहिल्यांदा विचारत नाहीये. दर खोक्याच्या वेळी विचारत आली आहे. आणि आपण दर वेळी म्हणत आलो, नव्या पुस्तकात असेल हं.

"मधलं राहील गं तुझं," ते हळूच म्हणाले.

"मधलं मी तुम्हाला विचारीन. तुम्ही सांगा. पण मला पुढे जाऊ द्या."

विरघळला बाप! मोबाईल खिशात ठेवला आणि बाईंना म्हणाला, "लिहा जुईचं नाव." बाहेर येताना दोनदा मागे वळून बघितलं म्हणे. चुकीचं निवडलं असेल तर? लेकीचं नुकसान झालं तर? अहो, ही भीती प्रेमापोटीच असते, मी कुठे नाही म्हणतो? पण त्या भीतीपायी लेकरू किती दिवस गुहेत ठेवायचं?

हसलात ना सगळे? आता मी विचारतो. मागच्या चातुर्मासात नेम कुणी कुणी धरला होता? करा हात वर. वा! आणि शेवटपर्यंत किती जणांचा टिकला? बघा, हात खाली यायला काय घाई!

आपली माळ खुंटीला, कारण शेजारणीच्या गुरूंचा मंत्र लवकर फळतो म्हणे. एका शिबिरात ध्यानाला बसलात, तर तिथला पंखा वाजतो म्हणून दुसरं शिबिर. आणि वर मला येऊन विचारता, बुवा, इतकी वर्षं करतोय, देव भेटत का नाही? इतकी वर्षं कुठली? तुमचा दर वर्षी पहिलाच दिवस असतो! तो बिचारा पुढे वाट बघत बसलाय, आणि तुम्ही निघायचा मुहूर्त बदलताय.

तेव्हा माझ्यावर एक उपकार करा. आज घरी जाऊन नवा नेम धरू नका. अर्धा टाकलेला नेम बाहेर काढा, आणि टाकला होता तिथून पुढे चला. आता हात जोडा आणि घ्या नाव. कुठलं घेऊ म्हणून माझ्याकडे बघू नका. काल घेतलं होतं, तेच.