सोळा अक्षरांची किल्ली

...आणि वर कंपनीवाले मलाच सुनावतात, ‘पैसे कशाचे म्हणजे काय साहेब, अपग्रेडचे!’ अहो, अपग्रेडचे म्हणजे? तुम्हाला सांगतो, तो प्लेअर मी पुण्याला जाऊन रोख पैसे देऊन आणला होता, दोन हजार दहा साली, तळहाताएवढा, गाणी वाजणार, पिक्चर दिसणार, आणि खोक्यावर ठळक छापलेलं ‘रेकॉर्डिंग’, शेजारी बारीकशी चांदणी... आता चांदणी बघतं कोण? तिचा अर्थ खोक्याच्या बुडाला, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘अपग्रेडनंतर’! म्हणजे यंत्र माझं, किल्ली त्यांची!

नाही, नीट ऐका. यंत्राच्या पोटात एक प्रोग्राम असतो, त्याला म्हणतात फर्मवेअर. त्याची नवी आवृत्ती साइटवरून उतरवायची, वायर लावून प्लेअरमध्ये सोडायची, मग प्लेअर आपला आपण बंद होतो, चालू होतो, तेवढ्यात लाईट गेली तर संपलं सगळं, जीव नुसता टांगणीला!... आणि रेकॉर्डिंग सुरू. पंधरा दिवस फुकट. सोळाव्या दिवशी कुलूप! मग पैसे भरा, यंत्राचा नंबर कळवा, की ते सोळा अक्षरांची किल्ली पाठवणार, ती फक्त त्याच यंत्राला लागणार. बरं, माईक पहिल्यापासून आत आहेच की! मीच विकत घेतलेला!

तर आमचे आबा, माझे वडील, भिकाजी, राहायला गावी, पवना धरणाजवळ तिकोणा पेठेत, मी नोकरीपायी इकडे लोणावळ्यात, तुंगार्लीत. आबा गाणी रचायचे. चौदा एप्रिलला आबा उभे राहिले की सगळा गाव मुकाट खाली बसायचा. त्यातलं एक गाणं पवना धरणात बुडालेल्या शेतांचं, एकेका शेताचं नाव घेऊन, कुणाचं, केवढं, बांधावर झाड कसलं... छप्पन्न कडवी, आणि कागदावर एक ओळ नाही! सगळं आबांच्या डोक्यात.

म्हटलं, भरून घेऊ. आज करू, उद्या करू, करता करता गेलो पंधराव्या दिवशी. आवाज नको म्हणून आईनं कोंबड्या डालल्या, आबांनी ठेवणीतला सदरा घातला, आणि गायले हो... सगळं गायले! आई पदराला डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशी बटण दाबतो, तर पडद्यावर, ‘ऐकण्यासाठी अपग्रेड घ्या.’ माझं डोकंच फिरलं.

आबा म्हणाले, “आरं, भर की पैसं. मी देतो.”

“पैशाचा प्रश्न नाही आबा, तत्त्वाचा आहे! यंत्र माझं, किल्ली त्यांची?”

“बरं. मंग तत्त्व वाजवून दाखीव.”

प्लेअर खोक्यात, खोकं माळ्यावर. तीन वर्षांनी आबा गेले. त्यानंतर ते खोकं खाली काढायची माझी छातीच झाली नाही.

यंदा गावाहून येसूबाईंचा फोन, आबांच्या मागे कोरसला उभ्या राहायच्या त्या. “सुहास, औंदा आबाचं शेतांचं गाणं बसवायचं हाय. आमास्नी धाच कडवी येत्यात. बाकीचं दे.” मी लगेच कंपनीला फोन! तत्त्व गेलं खड्ड्यात, म्हटलं, घ्या पैसे! तर तिकडून गोड आवाजात, “सर, ते मॉडेल आता बंद झालंय, किल्ली मिळणार नाही. नवीन घेता का?” यंत्र माझं, आणि किल्ली आता त्यांच्याकडेही नाही!

शेवटी माझ्या मुलीनं, मानसीनं, खोकं खाली काढलं. तर चार्जरच्या खाली एक चिठ्ठी. लोणावळ्याच्या सायबर कॅफेचा शिक्का, आणि आबांच्या हातची सोळा इंग्रजी अक्षरं, एकेक चित्र काढावं तशी काढलेली. आमच्याकडे राहायला आले असताना खोक्यावरचा नंबर उतरवून नेला, पैसे भरले, किल्ली आणली आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत! खाली लिहिलेलं, ‘सुहास, राग गेला की टाक.’

मला अक्षरं दिसेनात. मानसीनं टाकली. कुलूप उघडलं! येसूबाईंना फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आई, आता आमच्याकडेच असते, ती सरकून जवळ बसली, बटण दाबलं... आणि आवाज कुणाचा? माझा! “आबा, हे फर्मवेअर म्हणजे काय सांगतो...” सांगतोय, सांगतोय, चांदणी सांगतोय, वायर सांगतोय! एक मिनिट, चार मिनिटं, नऊ मिनिटं... मानसी खोकं उलटं करून वाचते, “बाबा, फुकटात एका वेळी दहाच मिनिटं रेकॉर्ड होतं.”

आणि अगदी शेवटी आबा. दोनच वाक्यं. हसत. “तुजं बोलून झालं की सांग. मंग गातो.”

खट्. बंद.

आईनं परत लावायला सांगितलं. तेवढंच, शेवटचं. आणि फोनमधून येसूबाई ओरडतायत, “सुहास, आता गप ऱ्हा की जरा! त्यो गायला लागंल आता!”

तुम्हाला सांगतो... राहिलो गप्प. आयुष्यात पहिल्यांदा.