तेवीस बाद मतं

नाही नाही, बस तू, सोडतो ना शाळेपर्यंत — टार्निट स्टेशनवर आता बस कुठली मिळतेय — आणि रडू नकोस गं, या लोकांपायी रडायचं? शी! किळस आलीय मला आपल्या लोकांची, लीना, खरं सांगतो. आपण चौघं पालक स्कूल काउन्सिलला उभे राहिलो — तू, मी, सुजित, पायल — कशासाठी? तिथे बसून चहा प्यायला? आफ्टर-स्कूल केअर सहाला बंद होतं ते सातपर्यंत करा, एवढं एकच मागणं. तुझी हॉस्पिटलची शिफ्ट साडेपाचला संपते, तुला सहाला पोचता येतं? नाही येत. काउन्सिलवरच्या जुन्या मंडळींची घरं शाळेसमोर, त्यांना काय! पण त्यांना नाही मी शिव्या देत, आपल्यांना देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दीडशे अंगठे, फुलं, 'ऑल द बेस्ट टीम' — आणि निम्म्यांच्या मतपत्रिका अजून पोरांच्या दप्तरात, केळ्याखाली.

अकरा मतांनी हरलो गं, फक्त अकरा! आणि बाद किती? तेवीस! कागदावर पहिल्याच ओळीत छापलंय — चार नावांवर टिक करा, कमी नाही, जास्त नाही — आणि या शहाण्यांनी एकेकच केली. पीआरसाठी, इथे कायमचं राहायला मिळावं म्हणून, शंभर पानांचे फॉर्म भरतात, तिथे नाही चुकत कोणी — काय? कोणाच्या नावावर? म्हणजे... आता मला कसं — हो, मोजताना उभा होतो मी तिथे. राघवच्या. माझ्याच, सगळ्या, बरं? माणसं ओळखतात मला, त्याला मी काय करू!

अशी बघू नकोस. सांगतो, पण कोणाला बोलू नकोस — मी थोडे फोन केले होते. वीस-पंचवीस. आमचे बाबा कोथरूडला अठरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांचा मंत्रच होता — जागा पाच असल्या तरी आपल्या माणसाला सांगायचं, शिक्का एकावरच मार, बाकीच्यांची मतं कशाला वाढवायची? तिथे चालायचं ते! तुझ्याविरुद्ध काही नव्हतं गं — मला वाटलं, सगळ्यात जास्त मतं ज्याला, तो प्रेसिडेंट, आणि कोणीतरी व्हायलाच हवं ना? सुजित होणार? त्याला मीटिंगमध्ये 'नो वरीज'च्या पुढे बोलता येत नाही. म्हटलं, निवडून तर आपण येतोच आहोत, मग — मला काय माहीत इथे बाद करतात! नाही वाचला मी तो कागद. झालं समाधान?

आणि शाल्मलीला तुझ्या आईकडे पुण्याला पाठवायची एवढी काय घाई आहे तुला? सहा वर्षांची पोर, तुझ्याशिवाय झोपत नाही म्हणतेस. वर्षभर काढ कसंतरी, पुढच्या वेळी परत उभे राहू, मी स्वतः सगळ्यांना नीट समजावेन — काय? तिकीट काढलं? कधी? आज अर्वोला — दुपारीच, निकाल ऐकल्यावर?

अगं, काय करतेस — सिग्नल आहे हा, लीना — शाळा समोरच दिसतेय, गेटपर्यंत सोडतो ना, ती उभीच आहे बघ बाहेर — बरं, जा! जा. दार तरी लाव.