मामाची खुर्ची

पायाकुंबूच्या दवाखान्यात नुरायनी डोळे तपासून घ्यायला बसली होती. मागच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते. एकाच्या भाचीचं लग्न ठरलं होतं. दुसरा त्याच मुलीचा बाप.

"भाचीचं लग्न ठरलेलं मला चहाच्या टपरीवर कळावं, दाजी?"

"सांगायला येणारच होतो, दादा. पोरीनं आधी मला विचारलं, एवढंच."

"एवढंच? आमच्याकडे घर, शेत, कूळ सगळं आईकडून येतं; बाप म्हणजे तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावरची राख, वारा आला की उडाली. माझे वडील अंधार पडल्यावर पाहुण्यासारखे यायचे आणि उजाडायच्या आत आपल्या बहिणीच्या शेतावर जायचे. आम्ही सगळं मामाला विचारायचो."

"मी कुठं जाणार होतो? तिला ताप आला की मीच उशाशी बसायचो."

"शाळेत मी घातलं. शहरात शिकायला मी पाठवलं. तुम्ही नुसते उशाशी बसलात आणि पोर तुमची झाली."

"राग आलाय तुम्हाला."

"राग नाही. पोटात दुखतं."

"दादा, माझ्या बहिणीच्या मुलाचं लग्न मागच्या महिन्यात झालं. मी त्याचा मामा. मला फोनवर फोटो आला."

"नुसता फोटो?"

"बोटांनी मोठा करून पाहिला. त्याच्या बापाशेजारी मामाची खुर्ची आहे का म्हणून."

"होती?"

"नव्हती."

नुरायनीचा नंबर पुकारला. ती उठली नाही.

"तुमची खुर्ची मी पहिल्या रांगेत ठेवतो, दादा. माझ्या पुढे."

"पुढे नको. शेजारी ठेवा. पोर तुमच्याकडे किती वेळा बघते, ते मला मोजायचंय."