तारनाक्याचा शब्द

हॅलो?… हॅलो, चिक्कडपल्ली शाखा… हो, सुनीताच बोलतेय. बोला केदारसाहेब… नाही, जेवण कुठलं, डबा नुसता उघडलाय. बोला तुम्ही.

हो, झालं! सगळी बचत खाती कॉम्प्युटरवर चढली… अहो, मी कुठली चढवतेय! लक्ष्मणरावांनी… हौ, तेच. ‘बाई, या डब्याला मी हात लावणार नाही’ म्हणणारे. आता चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत जातात, आणि त्याच्यावरचं फडकं कुणी तिरकं घातलं तरी ओरडतात.

कसं म्हणजे? तुम्हीच शिकवलंत ना ट्रेनिंगमध्ये! ‘बँकेचं काम म्हणू नका. त्या माणसाला नोकरीत काय हवंय ते विचारा आणि काम त्याला जोडा.’ म्हटलं, साहेब हेड ऑफिसचे, पुण्याचे, शिकलेले, करून बघू. आमच्या क्लार्क सुजाताला ऑफिसरची परीक्षा द्यायचीय, तर तिला रोजचा हिशेब जुळवायला दिला. ती खूश. लक्ष्मणरावांना विचारलं, तर म्हणाले, मला तारनाका शाखा द्या…

हो ना, घर तिथंच. त्यांच्या बायकोला दिसत नाही आता. दुपारी एकट्याच असतात. शेजारीण ताट झाकून जाते, त्याला मुंग्या लागतात, त्यांना कळत नाही… जेवणाच्या सुट्टीत जाऊन वाढून येईन, एवढंच मागणं. मी तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात, ‘तारनाक्याला कॉम्प्युटर येणारेत, शिकलेला माणूस लागेलच, सांगा बिनधास्त.’ मी सांगितलं. तेव्हापासून…

काय?… नाही, ऐकू आलं. पण परत सांगा.

सोडायचं नाही म्हणजे?… एवढं चांगलं शिकले म्हणून इथंच ठेवायचं? आणि शिकले नसते तर… तर तसेही गेले नसते. मग माणसानं करायचं तरी काय, साहेब?… हो, समोर नवी एसी बँक उघडलीय, मला रोज दिसते. खातेदार पळतायत, तेही दिसतं… हो… हो… अहो ऐका ना…

मी समजवू?… त्यांना आणखी काय हवंय ते शोधू? काही नकोय हो त्यांना! एकच हवं होतं, ते मी विचारून घेतलं. नुसता हुकूम दिला असता तर मनात चार शिव्या घातल्या असत्या मला आणि विसरले असते.

माझं?… माझं प्रमोशन मध्येच कुठून आलं?… अस्सं. मी त्यांना थांबवलं तर मॅनेजरच्या मुलाखतीला माझं नाव… साहेब, हे त्या ट्रेनिंगमधलंच ना?… नाही, हवंय की. खोटं कशाला बोलू, खूप हवंय. घरी तर आत्तापासून मॅनेजरबाई म्हणून चिडवतात. पण थकले हो मी. राग यायला हवा, तोही येत नाहीये.

एक मिनिट हं साहेब… काय लक्ष्मणराव? गोंगुऱ्याची चटणी?… वहिनींनी केली? न दिसता?… हौ हौ, ठेवा इथं… बदलीची ऑर्डर कधी निघते, विचारतायत का त्या… बरं.

ऐकलंत ना साहेब? ते इथंच उभे आहेत. मी नाही सांगणार, तुम्हीच सांगा… का म्हणजे? मी आणि ते रोज समोरासमोर बसून जेवतो… लक्ष्मणराव, धरा हा फोन. केदारसाहेब आहेत. तारनाक्याचंच…

काय झालं? कुणी बोलत नाही? आणा इकडे. हॅलो?… हॅलो साहेब?…

नाही, लाइन नाही गेली. ठेवला त्यांनी.

बसा, लक्ष्मणराव. तारनाका देत नाहीत ते… हो, नाहीच. मी शब्द दिला आणि खोटी पडले… अय्यो, तुम्ही कशाला हात जोडता! ऐका. उद्यापासून दुपारी बसनं घरी जाऊन या. उशीर झाला तर होऊ दे, तुमचं काउंटर मी बघते… नाही, साहेबांनी नाही सांगितलं. मी सांगतेय.

काय?… त्याच्यासाठी आता नवं काय शिकायचं, विचारताय?

काही नाही, लक्ष्मणराव. काहीच नाही. जेवा.