तहान लागली की पेज

महाडात डॉक्टरांच्या ओसरीवर माझ्या शेजारी दोन बाया बसल्या होत्या. एक उमरठ गावची, दुसरी महाडचीच. महाडची विचारत होती.

"कुणाला आणलंस गं?"

"घरवाल्याला. मधुमेह हाय त्याला. डॉक्टर आत पाय बघतायत. अंगठा काळा पडलाय."

"अगं बाई! पथ्य नाही पाळलं?"

"पाळलं तर! गूळ बंद, साखर बंद. डॉक्टर बोलले भात बंद, तवापासून भाताचं ताट त्याच्याम्होरं येऊ दिलं नाय."

"मग खातात काय?"

"खातोय कसला? आजारी माणूस. निस्ती पेज पितो."

"कसली पेज?"

"तांदळाची. घरचा तांदूळ हाय, चांगली दाट करते."

"अगं, मग तो भातच झाला की!"

"भात कसा गो? भात जेवतात. पेज आजाऱ्याची."

"चुलीवर शिजतो तांदूळच ना?"

"व्हय, तांदूळच."

"पेज प्यायल्यावर बरं वाटायचं त्यांना?"

"पेज प्याला की त्याचा घसा सुकायचा. तहान तहान करायचा."

"मग?"

"निस्त्या पाण्यानं ताकद कशी येणार, म्हणून मी आणखी पेज पाजायची."