काकूंच्या घरचा हिरवा ठिपका

मंडळी, मागे उभे आहात त्यांनीही पुढे या. खुर्च्या आहेत. राहुल, केतकी, मॉरीन, आणि नास, ड्रोहेडा, कुठून कुठून गाड्या काढून आलेले तुम्ही सगळे. एवढी माणसं या हॉलमध्ये काकूंनी एकदम कधी पाहिली नसतील. पाहिली असती तर आधी विचारलं असतं, यांच्या जेवणाचं काय?

राहुल मला म्हणाला, "सुहासदादा, आईबद्दल तूच बोल. इथे तिला सगळ्यात जास्त तू ओळखत होतास." मी हो म्हणालो. मी नाही म्हणायला हवं होतं. चार दिवस बसून भाषण लिहिलं. छान लिहिलं होतं. तो कागद आत्ता गाडीत ठेवून आलोय, कारण त्यात जे लिहिलं होतं ते सगळं खरं होतं, आणि जे सांगायला हवं तेच नेमकं त्यात नव्हतं.

काकूंची या गावातली मैत्रीण मॉरीन, तिला मराठी येत नाही. केतकी तिच्या शेजारी बसून तिला कानात सांगतेय. केतकी, एकच विनंती. मी काहीही बोललो तरी थांबू नकोस. सगळं सांग तिला.

ज्यांना काकू फारशा ठाऊक नव्हत्या, त्यांच्यासाठी थोडं. मंदाकाकू, राहुलची आई, केतकीची सासू, अमरावतीच्या. चार वर्षांपूर्वी इथे युरोपात मुलाकडे राहायला आल्या. आपलं गाव केवढं? एक चर्च, एक पब, एक दुकान. पोस्ट बंद झालेलं. बस दिवसातून दोन. राहुल आणि केतकी सकाळीच लिक्सलिपला कामावर, नातवंडं शाळेत. मी सुरुवातीला काकूंना विचारलं होतं, दिवसभर एकट्या, कंटाळा येत नाही? तर म्हणाल्या, "कंटाळा कायचा रे? एवढी म्हातारी माणसं हायेत इथं. त्यायच्याकडं कोण जाते?"

आणि त्या जायला लागल्या. इंग्रजी शब्द दोन. "हॅलो" आणि "ईट". हातात स्टीलचा डबा. मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता मॉरीनकडे, बाकीच्या दिवशी बाकीची घरं. मॉरीनने पहिल्यांदा डबा स्वच्छ घासून रिकामा परत दिला. काकूंना ते फार लागलं. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे त्यांनी केतकीकडून तिला समजावून सांगितलं. तेव्हापासून त्या डब्यातून भाकरी जायची आणि ब्राऊन ब्रेड यायचा. थालीपीठ जायचं, रुबार्बच्या आंबट देठांचा जॅम यायचा. दोघी एकमेकींच्या भाषेतला शब्द न समजता तासभर बोलत बसायच्या. काय बोलायच्या, देव जाणे. मी एकदा विचारलं तर काकू म्हणाल्या, "तिच्या गुडघ्याचं अन् माह्या गुडघ्याचं."

मंडळी, गावात एकट्या राहणाऱ्या माणसांची चौकशी कशी व्हावी, याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. तरीही मी दुसरी काढली.

गावातल्यांना आठवत असेल, याच हॉलमध्ये आपण 'स्मार्ट व्हिलेज'ची पहिली मीटिंग घेतली. युरोपभरच्या खेड्यांत हे चाललंय. तरुण शहरात गेले, म्हातारी माणसं मागे राहिली, तर गावाने स्वतःच काहीतरी शोधून काढावं आणि युरोपने त्याला पैसे द्यावेत. आपण बऱ्याच चांगल्या गोष्टी केल्या. बंद पोस्टात इंटरनेटची जागा झाली, गावाची मिनीबस फोनवरून बोलावता यायला लागली. समितीला तांत्रिक माणूस हवा होता. मला विचारलं. खोटं कशाला बोलू, मी फुललो होतो. दहा वर्षं या देशात राहून पहिल्यांदाच कोणीतरी म्हणत होतं की आमच्या गावाला तू हवा आहेस.

केटलची कल्पना माझी. इथला प्रत्येक माणूस उठल्यावर आधी केटल लावतो. तिच्या प्लगला छोटं यंत्र लावायचं. केटल चालू झाली की नकाशावर त्या घराचा ठिपका हिरवा. सकाळी दहापर्यंत नाही झाली, तर पिवळा. पिवळा झाला की समितीतल्या कोणीतरी दहा मिनिटांत त्या दारावर जायचं. तो नकाशा माझ्या मागे भिंतीवर आहे. आज कोणीतरी त्या स्क्रीनवर चादर टाकली आहे. बरं केलंत.

मॉरीनने यंत्र घ्यायला नकार दिला. म्हणाली, मी आहे की नाही हे माझ्या केटलला का विचारता, मला विचारा. तिचं घर नकाशावर करडंच राहिलं. मला राग यायचा त्या करड्या ठिपक्याचा. मी एवढा शिकलेला माणूस, आणि मला एका म्हातारीच्या ठिपक्याचा राग यायचा!

काकूंनी मात्र यंत्र लगेच घेतलं, कारण सुहासने आणलं होतं. पण आपल्या बायका केटलमध्ये चहा करतात का? काकू म्हणायच्या, उकळत्या पाण्यात पुडी बुडवणं म्हणजे चहाचा अपमान हाये. त्यांचा चहा पातेल्यात, गॅसवर. म्हणजे केटल कधीच नाही. म्हणजे ठिपका रोज पिवळा, आणि रोज कोणीतरी त्यांच्या दारात. मग मी ते यंत्र काढलं आणि त्यांच्या देवघराला लावलं. स्वयंपाकघरातल्या एका कपाटात, इथल्या भाषेत प्रेसमध्ये, त्यांचं देवघर होतं. तेलाचा दिवा लावला की स्मोक अलार्म बोंबलायचा, म्हणून राहुलने विजेची समई आणून दिली होती. काकू आंघोळ झाली की ती लावायच्या. मी म्हटलं, झालं काम. केटल नाही तर दिवा.

पण काकूंची आंघोळ कधी सातला, कधी साडेदहाला. गुडघे दुखले की उशीर. पुन्हा पिवळा. आणि त्याच सुमारास फिनलंड, पोर्तुगाल, कुठल्या कुठल्या खेडेगावांतली माणसं आपला प्रकल्प बघायला येणार होती. याच हॉलमध्ये, याच स्क्रीनसमोर. मला त्या सकाळी सगळे ठिपके हिरवे हवे होते.

राहुल, आता ऐक. हे तुला माहीत नाही. तू कामावर होतास. मी तुमच्या घरी आलो आणि त्या समईला टायमर लावला. रोज सकाळी साडेसहा. दिवा आपोआप लागणार, रात्री आपोआप विझणार, ठिपका आपोआप हिरवा होणार. काकू बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "काऊन रे सुहास, हा दिवा देवासाठी हाये का तुह्या फोनसाठी?" मी हसलो. मग म्हणाल्या, "अन् मी जिती हाये का नाई, हे त्या दिव्याले कसं समजन?"

मी हसलो, मंडळी. दुसऱ्यांदाही हसलो. म्हणालो, काकू, चारच दिवस, पाहुणे गेले की काढतो.

पाहुणे आले, टाळ्या वाजवून गेले. टायमर राहिला. विसरलो असं म्हणू शकतो. पण विसरलो नव्हतो. हिरवा ठिपका बघायला बरं वाटत होतं.

गेल्या महिन्यात केतकीच्या भावाचं लग्न होतं नागपूरला. काकू म्हणाल्या, दोन दोन विमानं माह्या गुडघ्याले झेपत नाईत, तुम्ही जा. राहुल मला सांगून गेला, "दादा, आईवर लक्ष ठेव." मी त्याला फोन दाखवला. म्हटलं, हे बघ, रोज सकाळी कळतं मला.

मंगळवारी लग्न होतं. त्या मंगळवारी पहाटे काकू चहा ठेवायला खाली आल्या आणि स्वयंपाकघरात पडल्या. अजून आंघोळ नव्हती, देवपूजा नव्हती. त्यांच्या हाताने दिवा लागणं शक्यच नव्हतं. म्हणजे दहा वाजता ठिपका पिवळा व्हायचा, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी कोणीतरी दारात असायचं. यंत्राचं काम तेवढंच होतं. पण साडेसहाला दिवा लागला.

अकरा वाजता काकू मॉरीनकडे गेल्या नाहीत. मॉरीनने एक तास वाट पाहिली आणि मला फोन केला. मी ऑफिसात होतो. ती म्हणाली, मंदा आली नाही. मी तिला होल्डवर ठेवलं, ॲप उघडलं, पाहिलं. आणि म्हणालो, "शी इज ग्रँड, मॉरीन." म्हणजे, ती एकदम ठीक आहे.

केतकी, थांबू नकोस. तिला सांग. तिला तो शब्द आठवत असेलच.

दुपारी राहुलचा मेसेज आला. आई फोन उचलत नाहीये. मी त्याला हिरव्या ठिपक्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "सगळं ठीक. तू लग्न एन्जॉय कर."

दोन माणसांनी मला विचारलं, मंडळी. दोघांना शंका आली होती. एकीला इथे, एकाला सात समुद्रांपलीकडे. माझं घर काकूंच्या घरापासून चालत सहा मिनिटांवर आहे. संध्याकाळी कामावरून येताना मी त्यांच्या दारावरून गेलो. किचनच्या खिडकीत समईचा तोच दिवा दिसत होता. मी थांबलो नाही.

बुधवारी सकाळी मॉरीनने माझ्यावर विश्वास ठेवणं सोडून दिलं. काठी घेऊन ती अर्धा तास चालत आली. खिडकीतून डोकावली. काकू तिला दिसल्या. अँब्युलन्स तिने बोलावली. जिचा ठिपका करडा, तिने.

डॉक्टरांना मी विचारलं. एकदा नाही, तीनदा. एक दिवस आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. चांगली माणसं आहेत. मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणाले असतील, किंवा खरंच सांगता येत नसेल. मला ते आयुष्यभर कळणार नाही. ती माझी शिक्षा आहे आणि ती मला मान्य आहे.

बुधवारी संध्याकाळी काकू थोडा वेळ शुद्धीवर होत्या. राहुल विमानात होता. तो पोचला तेव्हा त्या बोलत नव्हत्या. म्हणजे काकूंचे शेवटचे शब्द माझ्याजवळ आहेत. राहुल, ते तुझे आहेत, आणि मी नऊ दिवस ते खिशात घालून फिरतोय. त्या रागावल्या नव्हत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "दोनदा लागला रे दिवा. पयल्यांदा लागला तवा मले वाटलं, तू आला."

माफ करा. थोडं पाणी द्या.

हे मी कोणालाच सांगणार नव्हतो. सगळे म्हणत होते, यंत्र बिघडलं. मी मान डोलवत होतो. यंत्र बिघडलं नव्हतं, मंडळी. यंत्राला मी जे सांगितलं तेच ते सांगत होतं. समितीतल्या कोणालाही दोष देऊ नका. हे एका माणसाने केलं आणि तो तुमच्यासमोर उभा आहे.

मग आज का सांगतोय? दोन कारणं आहेत. नऊ दिवस मी राहुलला ऐकतोय. "मी जायला नको होतं. लग्न काय, माझ्याशिवायही झालं असतं." राहुल, तू गेलास यात काही चूक नव्हती. तू आईला सांभाळायला माणूस ठेवून गेला होतास. माझ्या वाटणीचं ओझं तू उचलायचं नाहीस.

दुसरं कारण परवाचं. तू मला म्हणालास, "दादा, सुतक आहे, देवघराला आम्ही हात लावलेला नाही. तरी सकाळी उठून खाली आलो की दिवा लागलेला असतो. आई आहे असं वाटतं." तुझा चेहरा त्या वेळी गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा शांत दिसला. मला तुझ्याकडून तेवढंसुद्धा काढून घ्यायचं नव्हतं. पण त्याच दिव्याने एकदा तुला फसवलंय, माझ्या हाताने. पुन्हा फसवू देणार नाही. आज सकाळीही साडेसहाला काकूंचा ठिपका हिरवा झाला. ते काकू नाहीत, राहुल. तो टायमर आहे. तू दार उघडलंस तर मी येऊन काढून टाकेन. नाही उघडलंस तर केतकी काढेल, मागच्या बाजूला एक छोटं बटण आहे. तू दार उघडलं नाहीस तरी मी समजेन.

माफी मागायला मी उभा राहिलो नाही. माफी मागितली की द्यायची की नाही याचा विचार तुम्हाला करावा लागतो, आणि आज तुम्हाला तेवढंही काम नको.

फक्त एक सांगून थांबतो. काकूंचा डबा मॉरीनच्या मांडीवर आहे, तुम्ही पाहिला असेल. काकू पडायच्या आधीच्या शुक्रवारपासून तो तिच्याकडेच राहिला होता. आज ती तो घेऊन आली. रिकामा नाही, आत ब्राऊन ब्रेड आहे. बाहेर तिने मला विचारलं, आता हा कोणाला देऊ? तो डबा हातात घ्यायची माझी लायकी नाही. पण मॉरीन, येत्या मंगळवारी अकरा वाजता मी तुझ्या दारात असेन. फोन घरी ठेवून येईन. तू दार उघड किंवा नको उघडू. मी नुसतं विचारून जाईन, कशी आहेस.

आता सगळे उभे राहू या. काकूंसाठी. घड्याळ कोणी लावू नका, फोन बघू नका. या शांततेला टायमर नाही. मॉरीन काठी टेकत उठतेय. तिला आधार द्या कोणीतरी.

ती बसली की आपण बसू.